रविवारी बस नाही

एकतीस वर्षं मी फळ्यावर एकच स्टेशन काढलं:
चौकोन, वर घड्याळ, समोर एक झाड.
पोरांना विचारायला लावलं,
माफ करा, स्टेशन कुठे आहे?
आ गोश, डावीकडे.
आ द्र्वात, उजवीकडे.
तू द्र्वा म्हणजे सरळ, आणि इथे हमखास घोटाळा,
कारण उजवीकडे आणि सरळ यांत कानाला
फरक फक्त शेवटच्या त चा.
अख्ख्या बॅचेस त्या त पाशी रस्ता चुकल्या.
मी स्वतः कुणालाच कधी काही विचारलं नाही.

आता तिकिटं निघालीत.
रत्नाकरने जेवणाचं टेबल व्यापलंय.
प्रतापनगरच्या ऑफिसात जन्मभर
छोट्या गाडीची वेळापत्रकं आखलेला माणूस,
रेघा मारल्याशिवाय त्याला प्रवास दिसत नाही.
विमानतळ ते ओस्तरलित्झ दीड तास, सामानासकट दोन.
तिथून ब्रीव्ह साडेचार.
ब्रीव्हला गाडी बदला, मध्ये अकरा मिनिटं.
'अकरा मिनिटांत तुझे गुडघे जिना चढतील?'
चढतील, म्हटलं.
माझ्याकडे न बघता त्याने पुढची गाडी धरली.

मग खेड्यापर्यंत बस.
शाळा असेल त्या दिवशी दोन.
सुट्टीत एक, बुधवारी दुपारी,
तीही आदल्या दिवशी फोन केला तर.
रविवारी बस नाही.
आम्ही पोचतो रविवारी.
'डभोईला रविवारीसुद्धा गाडी होती,' रत्नाकर म्हणतो,
त्याचाच अपमान झाल्यासारखा.

वरच्या केतकीबेन म्हणतात, टूर घ्या ने,
सात देश, अने थेपले बसमध्येच.
पण मला एकच देश हवाय, त्यातलाही एक कोपरा,
जिथे अक्रोडाची झाडं आहेत आणि नदी वळते,
असं पाठ सतरामध्ये दिलं होतं.

राहता राहिली भाड्याची गाडी.
म्हणून आठवडाभर, रात्री दहानंतर,
पार्किंगमधल्या आमच्या वॅगनारमध्ये
मी डाव्या सीटवर बसते.
मांडीवर परात, तेच स्टिअरिंग.
गिअर म्हणून उजव्या हातात डाव.
खऱ्या स्टिअरिंगसमोर रत्नाकर, नकाशा पसरून:
'सर्कलवरून तिसरा रस्ता.
आधी डावीकडून येणाऱ्याला जाऊ दे.'
मी जाऊ देते. परात फिरवते. कणकेचा वास येतो.
वॉचमन इंद्रवदन टॉर्च मारतो,
ओळखतो, विझवतो.

परवा शेवटी फोन लावला,
जिच्याकडे खोली घेतलीय त्या मादाम फोशेरना.
वाक्य लिहून ठेवलं होतं. वाक्य बरोबर होतं.
त्या जे बोलल्या ते कुठल्याच पाठात नव्हतं,
शब्द गिळत, मधेच कुत्र्यावर खेकसत.
मी तीनदा म्हटलं, हळू.
एवढं कळलं की रविवारी त्यांचा पुतण्या मासे धरायला जातो,
आणि त्याच्या गाडीत जागा कधी असते, कधी नसते.
मग त्यांनीच विचारलं:
आणि तुमच्याकडे? स्टेशनवरून घरी कसं यायचं?

फळ्याकडे वळावं तशी मी भिंतीकडे वळले.
बाहेर या. अलकापुरीकडून नको, सयाजीगंजाकडून.
सरळ. त नसलेलं सरळ.
काळा घोडा लागेल. तो धातूचा आहे.
पुढे पूल, खाली नदी, नदीत मगरी.
त्या खऱ्या आहेत.
कोठी, रावपुरा, मग उजवीकडे, आता त म्हणा,
दांडियाबाजार, गिरणीच्या वर तिसरा मजला.
रविवारी?
रविवारीसुद्धा. रिक्षा केव्हाही मिळते,
भाडं तेवढं आधी ठरवा.

पलीकडून पेन्सिलीचा आवाज येत होता.
त्या लिहून घेत होत्या.

रत्नाकरने रविवारच्या रकान्यात लिहिलंय: पुतण्या.
त्यापुढे प्रश्नचिन्ह.
खोडरबर हाताशीच आहे.
परात गाडीत राहिली,
सकाळी पोळ्यांच्या आधी आणायला हवी.